शंभर मीटरची अट आणि संगणकासमोरचा विद्यार्थी

२० नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अरवली पर्वताच्या एका नव्या व्याख्येला मान्यता दिली. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या समितीने सुचविलेल्या या व्याख्येनुसार सभोवतालच्या भूपातळीपासून शंभर मीटर किंवा त्याहून अधिक उंच असलेला भूभागच अरवलीची टेकडी ठरणार होता. अशा दोन किंवा अधिक टेकड्या एकमेकींपासून पाचशे मीटरच्या आत असतील, तरच तिथे पर्वतरांग आहे असे मानले जाणार होते. राजस्थान व हरियाणातील जनतेने याविरुद्ध आवाज उठविला. निदर्शने झाली, आणि २९ डिसेंबर २०२५ रोजी न्यायालयाने स्वतःच आपल्या आदेशाला स्थगिती दिली.

या वादात दोन्ही बाजूंचे मुख्य शस्त्र होते ते आकडे. भारतीय वन सर्वेक्षणाच्या एका अंतर्गत मूल्यांकनाचा हवाला देऊन वृत्तपत्रांनी प्रसिद्ध केले की, राजस्थानच्या १५ जिल्ह्यांतील वीस मीटरहून उंच अशा १२,०८१ टेकड्यांपैकी केवळ १,०४८, म्हणजे ८.७ टक्के टेकड्या, शंभर मीटरच्या कसोटीला उतरतात. उलट केंद्र सरकारने सांगितले की, अरवलीचा नव्वद टक्क्यांहून अधिक प्रदेश सुरक्षितच राहील आणि खाणकाम होऊ शकेल ते एकूण क्षेत्राच्या केवळ ०.१९ टक्के भागात. पर्वत एकच, उपग्रह तेच, आणि निष्कर्ष मात्र परस्परविरोधी! सामान्य माणसाने यातून काय समजावे?

उकल केली तर कोडे अवघड नाही. एका बाजूने टेकड्या मोजल्या, दुसऱ्या बाजूने क्षेत्रफळ मोजले. सरकारने जे एकूण क्षेत्र धरले ते सुमारे १ लाख ४४ हजार चौरस किलोमीटरचे. एवढे क्षेत्र निव्वळ डोंगरांचे असूच शकत नाही. त्यात सपाट शेते, गावे आणि शहरे यांचाही समावेश होतो. भाजक एवढा फुगविला की कोणताही भागाकार क्षुल्लक दिसू लागतो. तरीही त्या ०.१९ टक्क्यांचा हिशेब केला तर सुमारे पावणेतीनशे चौरस किलोमीटर भूमी निघते. टक्केवारीत जे नगण्य दिसते, ते प्रत्यक्षात शेकडो टेकड्यांचे आणि त्यांच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसांचे भवितव्य असते.

हे आकडे आकाशातून पडत नाहीत. कोठल्या तरी कचेरीत संगणकासमोर बसलेला तरुण पदव्युत्तर पदवीधर ते तयार करतो. म्हणूनच त्या तरुणाला विद्यापीठात काय शिकविले जाते हा केवळ अभ्यासमंडळांचा प्रश्न राहत नाही. तो जनतेच्या हिताचा प्रश्न होतो.

मालवीय नगरचे चित्र

जयपूर शहरातील मालवीय नगर हे या प्रश्नाकडे पाहण्यास अत्यंत सोयीचे ठिकाण आहे. येथे मालवीय राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्था आहे. नियोजनाच्या काळात, १९६३ साली, केंद्र व राज्य सरकारच्या संयुक्त खर्चातून प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून तिची स्थापना झाली आणि २००२ साली तिला राष्ट्रीय संस्थेचा दर्जा मिळाला. पर्यावरण अभियांत्रिकी व जलसंपदा या विषयांचे पदव्युत्तर शिक्षण तेथे दिले जाते. तिच्या जवळच झालाना डुंगरीचा संस्थात्मक परिसर आहे. राजस्थान राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाचे मुख्यालय आणि केंद्रीय भूजल मंडळाचे पश्चिम विभागीय कार्यालय ही दोन्ही तेथेच आहेत. आणि या सर्वांच्या पाठीशी उभे आहेत झालान्याचे डोंगर, अरवलीचाच एक भाग, जेथे शहराच्या वेशीवर आजही बिबट्या वावरतो.

शिक्षण देणारी संस्था, आकडेवारी सांभाळणारी कार्यालये आणि ज्याची आकडेवारी घ्यावयाची तो डोंगर, ही तिन्ही काही किलोमीटरच्या आत आहेत. देशातील फार थोड्या विद्यार्थ्यांना असा योग लाभतो. तरीही देशभरच्या अभियांत्रिकी व विज्ञान शिक्षणातील सर्वसाधारण प्रवृत्ती अशी आहे की, विद्यार्थी संगणकावर दूरदेशीचा तयार नमुना उघडतो, पुस्तकात दिलेल्या क्रमाने कळ दाबतो, रंगीत नकाशा छापतो आणि परीक्षा उत्तीर्ण होतो. खिडकीबाहेरचा डोंगर त्याच्या अभ्यासक्रमात नसतो.

यंत्र काय पाहते?

भूमीच्या उंचीचा संगणकीय नकाशा म्हणजे चौकोनांचे जाळे असते. प्रत्येक चौकोनाला उंचीचा एक आकडा दिलेला असतो. फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकेच्या अंतराळयानाने रडारच्या साहाय्याने पृथ्वीच्या बहुतांश भूभागाची अशी मोजणी केली. भारताने ५ मे २००५ रोजी सोडलेल्या कार्टोसॅट-१ या उपग्रहाच्या जोड-चित्रांवरूनही आपल्या देशाचे असे नकाशे तयार झाले. तीस मीटर लांबी-रुंदीचा एक चौकोन धरला, तर त्यातील सुळका आणि खळगा यांची सरासरी होऊन एकच आकडा उरतो. अरुंद कडा त्यामुळे आपोआप बुटका होतो.

दुसरा प्रश्न याहून महत्त्वाचा आहे. टेकडीची उंची मोजावयाची ती कोठून? समुद्रसपाटीपासून नव्हे, हे सर्वांना मान्य आहे. परंतु 'सभोवतालची भूपातळी' ठरविताना पायथ्याची रेषा कोठे आखावयाची, यावर एकच टेकडी कधी एकशे दहा मीटरची ठरते, तर कधी ऐंशीची. डोंगराच्या उतारावरच एक उंच पठार असेल आणि तेच पायथा मानले, तर त्यावरील कित्येक टेकड्या कसोटीबाहेर जातात. यंत्राला हे कळत नाही. 'शंभरपेक्षा कमी' एवढी आज्ञा दिली की ते निमूटपणे हजारो टेकड्या पुसून टाकते. वाळवंटाची धूळ अडविणे आणि पावसाचे पाणी खडकांच्या भेगांतून जमिनीत मुरविणे हे काम वीस-तीस मीटरच्या टेकड्याही करीत असतात, हे त्याच्या आज्ञेत लिहिलेले नसते. ते लिहावयाचे की नाही, हे माणूस ठरवितो.

हवेच्या बाबतीतही हेच घडते. जयपूरमध्ये हवेची अखंड नोंद घेणारी राज्य मंडळाची केंद्रे कित्येक वर्षे आदर्श नगर, शास्त्री नगर आणि पोलीस आयुक्तालय अशी तीनच होती. २०११ च्या जनगणनेप्रमाणे शहराची लोकसंख्या मात्र तीस लाखांच्या घरात होती. तीन बिंदूंचे आकडे संगणकाला दिले, तर तो क्षणार्धात संपूर्ण शहराचा रंगीत नकाशा काढून देतो. हिरव्यातून पिवळा, पिवळ्यातून लाल असे रंग इतक्या सुबकपणे मिसळतात की, पाहणाऱ्याला वाटावे, गल्लीगल्लीत मोजणी झाली आहे. प्रत्यक्षात सांगानेरच्या छपाई कारागिराच्या दारात किंवा सीतापुऱ्याच्या कारखान्याच्या फाटकापाशी या तिन्हींपैकी एकही केंद्र नव्हते. मधली सारी जागा अनुमानाने भरलेली असते.

या अनुमानाच्या एका प्रमुख पद्धतीला क्रीगिंग म्हणतात. दक्षिण आफ्रिकेतील खाण अभियंता डॅनी क्रीग याने १९५१ साली विट्‌वॉटर्सरँडच्या सोन्याच्या खाणींत थोड्या नमुन्यांवरून धातूच्या साठ्याचा अंदाज बांधण्याचे तंत्र मांडले. पुढे फ्रान्सच्या जॉर्ज मातेराँ याने त्याला गणिताची बैठक दिली. भूगर्भातील सोने शोधण्यासाठी जन्मलेले तंत्र आज हवा आणि पाणी मोजण्यास वापरले जाते. यात गैर काही नाही. ही पद्धत अनुमानाबरोबर त्यातील संभाव्य चूकही सांगते, हा तर तिचा मोठा गुण. परंतु चुकीचा तो दुसरा नकाशा छापण्याची तसदी बहुतेक अहवालांत घेतली जात नाही. विद्यार्थ्याला पहिला नकाशा काढावयास शिकवून दुसरा न शिकविणे, म्हणजे त्याला अर्धसत्य बोलण्याचे शिक्षण देणे होय.

पाण्याचा हिशेब आणि सोहेला

पाण्याच्या हिशेबात अशा अर्धसत्याची किंमत रक्ताने मोजावी लागते. राजस्थानात दरवर्षी जमिनीतून जेवढे पाणी काढता येण्याजोगे असते, त्याच्या जवळजवळ दीडपट पाणी उपसले जाते. राज्यातील बहुसंख्य पंचायत समित्या अतिशोषित वर्गात मोडतात. हे प्रमाण काढण्याची रीत अशी: पावसाळ्यापूर्वी आणि नंतर निरीक्षण विहिरींतील पातळी मोजावयाची, तिच्यातील फरकाला क्षेत्रफळाने गुणावयाचे, आणि खडकात प्रत्यक्ष किती पाणी साठू शकते त्या गुणांकाने पुन्हा गुणावयाचे. हा गुणांक कठीण खडकात फार लहान असतो. तो दोन टक्क्यांऐवजी तीन टक्के धरला, तर जमिनीत मुरलेले पाणी कागदावर एकदम दीडपट होते. एकाही विहिरीत थेंब न वाढता संपूर्ण तालुका संकटातून बाहेर आलेला दिसू शकतो! नव्या कूपनलिकेला अनुमती द्यावी की नाही, कारखान्याला पाणी द्यावे की नाही, हे त्या एका गुणांकावर ठरते.

१३ जून 2००५ रोजी टोंक जिल्ह्यातील सोहेला येथे बिसलपूर धरणाचे पाणी आपल्या शेतांना मिळावे म्हणून रस्त्यावर उतरलेल्या शेतकऱ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात पाच जणांना प्राण गमवावे लागले. आज जयपूरच्या नळांना येणारे पाणी प्रामुख्याने त्याच बिसलपूरचे आहे. मालवीय नगरच्या प्रयोगशाळेत बनासच्या खोऱ्याचा जलताळेबंद मांडणाऱ्या विद्यार्थ्याने, 'मागणी' या शीर्षाखालील एका आकड्यामागे सोहेल्याची ती माणसेही उभी आहेत, हे जाणले पाहिजे. हे त्याला संगणक सांगणार नाही. ते त्याच्या शिक्षकाने सांगावयाचे आहे.

साधने कोणाच्या मालकीची?

आता साधनांच्या मालकीकडे वळू. अमेरिकेने २३ जुलै १९७२ रोजी पहिला लँडसॅट उपग्रह सोडला. तो सार्वजनिक पैशातून उभा राहिला होता. रेगन राजवटीत, १९८४ साली, कायदा करून त्याच्या चित्रांची विक्री खाजगी कंपनीच्या हाती देण्याचा मार्ग मोकळा झाला. एका चित्राची किंमत चार हजार डॉलरच्या वर गेली आणि विद्यापीठांनी ती घेणे जवळजवळ सोडून दिले. १९९२ साली कायदा फिरवावा लागला. तरीही शुल्क चालूच होते. २००१ या विक्रीच्या उत्तम वर्षातही सुमारे २५,००० चित्रेच विकली गेली. २००८ साली ती विनामूल्य खुली करण्यात आली आणि थोड्याच वर्षांत वर्षाकाठी दहा लाखांहून अधिक चित्रे जगभरचे अभ्यासक उतरवून घेऊ लागले. खाजगीकरणाने ज्ञान वाढते असे सांगणाऱ्यांना याहून स्पष्ट उत्तर ते काय द्यावे? एवढे होऊनही २०१८ साली तेथे पुन्हा शुल्क आकारण्याचा विचार सुरू झालाच होता.

भारताचा अनुभवही सार्वजनिक क्षेत्राचाच आहे. आर्यभट्ट १९७५ साली, भास्कर-१ हा १९७९ साली आणि दूरसंवेदनाचा पहिला पूर्ण कार्यक्षम उपग्रह १७ मार्च १९८८ रोजी सोव्हिएत अग्निबाणांवरून सोडण्यात आला. मुंबईच्या भारतीय प्रौद्योगिकी संस्थेने ग्राम++ हे नकाशांचे स्वदेशी सॉफ्टवेअर सार्वजनिक निधीतून घडविले. आज क्यूजीआयएससारखे मुक्त सॉफ्टवेअर कोणालाही विनामूल्य मिळते आणि त्याची आज्ञावली उघडून तपासताही येते. असे असताना अनेक संस्थांत विद्यार्थ्याला परदेशी मक्तेदार कंपनीच्या परवान्याचे सॉफ्टवेअरच शिकविले जाते. शिक्षण संपले की परवाना संपतो. आपल्या गावी परतलेल्या पदवीधराच्या हाती कौशल्य उरते, हत्यार मात्र उरत नाही; ते हवे असेल तर परवाना बाळगणाऱ्या कंपनीच्याच दारात त्याला जावे लागते.

ही दारे कोणती, हेही पाहावे. पर्यावरणीय परिणामांच्या मूल्यांकनाची २००६ ची अधिसूचना अशी आहे की, खाण किंवा कारखाना काढणारा भांडवलदारच मूल्यांकन करणाऱ्या सल्लागाराला नेमतो आणि त्याचे बिलही तोच भागवितो. रत्नागिरी जिल्ह्यातील एका बॉक्साइट खाणीच्या अहवालात रशियातील खाणीच्या अहवालाचा मजकूर जसाच्या तसा उतरविल्याचे उघडकीस आले होते. कोकणच्या डोंगरात रशियाचे पर्यावरण! हा केवळ एका सल्लागाराचा अप्रामाणिकपणा नव्हता. ज्याच्या विरुद्ध साक्ष द्यावयाची त्याच्याच पगारावर साक्षीदाराला ठेवणाऱ्या व्यवस्थेचे ते स्वाभाविक फळ होते. आणि पर्यावरण शाखेच्या पदवीधराला नोकरी मिळते ती बहुतांशी याच सल्लागार कंपन्यांत.

दुसरी परंपरा

परंतु चित्राची दुसरी बाजूही आहे, आणि ती आशादायक आहे. २३ ऑक्टोबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयासमोर आले की, राजस्थानच्या अरवलीतील पाहणी केलेल्या १२८ टेकड्यांपैकी ३१ टेकड्या नाहीशा झाल्या आहेत. न्यायालयाने ११५ हेक्टरवरील बेकायदा खाणकाम ४८ तासांत थांबविण्याचा आदेश दिला. टेकडी नाहीशी झाली हे सिद्ध करावयाचे तर जुना नकाशा आणि नवे उपग्रहचित्र एकमेकांवर ठेवावे लागते. म्हणजे जे साधन टेकडी पुसू शकते, तेच पुसलेल्या टेकडीची साक्षही देऊ शकते.

केरळमध्ये शास्त्र साहित्य परिषदेने नव्वदीच्या दशकाच्या प्रारंभी भूविज्ञान अभ्यास केंद्राच्या सहकार्याने पंचायत पातळीवर साधनसंपत्तीचे नकाशे तयार करण्याची मोहीम हाती घेतली. कण्णूर जिल्ह्यातील कल्याश्शेरी हे त्यातील गाजलेले गाव. गावच्या तरुणांनी जमीन, पाणी, झाडे आणि विहिरी यांची स्वतः पाहणी करून गटनिहाय नकाशे रंगविले. संगणक तेव्हा गावात नव्हता; परंतु १९९६ साली सुरू झालेल्या लोकनियोजन मोहिमेला जो पाया लागला, त्यात या हाताने काढलेल्या नकाशांचा वाटा होता.

महाराष्ट्रात मुंबईच्या भारतीय प्रौद्योगिकी संस्थेतील ग्रामीण तंत्रज्ञान केंद्राच्या अध्यापक-विद्यार्थ्यांनी गावाचा जलताळेबंद मांडण्याची पद्धत मुक्त सॉफ्टवेअरवर बसविली. मराठवाडा व विदर्भातील हजारो गावांसाठी २०१८ साली सुरू झालेल्या कृषी संजीवनी प्रकल्पात ती वापरली गेली. प्रकल्प जागतिक बँकेच्या कर्जावर चालला, ही त्याची मर्यादा नोंदविलीच पाहिजे. परंतु शेताच्या उतारावर उभे राहून माती तपासणारा, शेतकऱ्याला पीकवार पाणी विचारणारा आणि मग संगणकाकडे वळणारा विद्यार्थी कसा घडवावा, याचा धडा त्यातून निश्चित मिळतो.

कष्टकरी चळवळीत संगणकाविषयी एके काळी तीव्र शंका होती, आणि ती निराधार नव्हती. साठीच्या दशकात कलकत्त्याच्या आयुर्विमा कर्मचाऱ्यांनी संगणकाविरुद्ध जो दीर्घ लढा दिला, तो यंत्राच्या द्वेषातून नव्हता. माणसाची भाकरी हिरावली जाऊ नये म्हणून होता. आज तोच प्रश्न नव्या रूपात उभा आहे. यंत्र कोणाचे काम काढून घेते याबरोबरच ते कोणाच्या डोळ्यांनी पाहते, हेही आता विचारले पाहिजे. खाणमालकाकडे उपग्रहचित्र आहे, सरकारकडे आहे, सल्लागाराकडे आहे. ग्रामसभेकडे मात्र नाही. अशा स्थितीत साधनाकडे पाठ फिरविणे म्हणजे मैदान प्रतिपक्षाला मोकळे सोडणे होय.

काय केले पाहिजे

म्हणून विद्यार्थी, शिक्षक आणि लोकविज्ञान चळवळीने काही ठोस मागण्या पुढे मांडल्या पाहिजेत. सार्वजनिक संस्थांतील पर्यावरणविषयक शिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवरच व्हावे. भूजल, हवा, खाणपट्टे आणि वने यांची सार्वजनिक पैशातून गोळा झालेली मूळ आकडेवारी, केवळ सारांश नव्हे, सर्वांना विनामूल्य व वापरण्याजोग्या स्वरूपात मिळावी. प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या संस्थेच्या परिसरातील एक ओढा, एक टेकडी किंवा विहिरींचा एक समूह वर्षभर मोजावा. विहिरीत दोर सोडून पातळी घेतल्याशिवाय त्याला पाण्याचा नकाशा काढू देऊ नये. प्रत्येक नकाशाबरोबर त्यातील गृहीते आणि संभाव्य चूक लिहिणे सक्तीचे असावे. अहवाल इंग्रजीत बंदिस्त न राहता हिंदी, मराठी अशा लोकभाषांत संबंधित ग्रामसभेपुढे वाचला जावा. मूल्यांकन करणाऱ्यांची नेमणूक व वेतन प्रकल्पाच्या मालकाकडून काढून स्वतंत्र सार्वजनिक निधीकडे द्यावे. आणि हे सारे शिकविण्यासाठी कंत्राटी अध्यापकांच्या जागी कायम शिक्षक नेमावेत. कारण दर सत्राला नव्या करारासाठी हात पसरावा लागणारा शिक्षक सत्तेला न रुचणारा आकडा विद्यार्थ्याकडून कसा काढून घेणार?

यातील एकही मागणी अशक्य कोटीतील नाही. मालवीय नगरात संस्था आहे, मंडळांच्या कचेऱ्या आहेत, आणि डोंगरही अद्याप आहे. अरवलीच्या व्याख्येचा निर्णय पुढेमागे पुन्हा होईल, आणि तेव्हाही दोन्ही बाजूंनी आकडे फेकले जातील. त्या वेळी एखाद्या धाणीतील गुराख्याने, 'आमची टेकडी तुमच्या नकाशात का नाही?' असे विचारले, तर त्याच्या शेजारी उभे राहून पायथा कोठे धरला, चौकोन केवढा घेतला आणि भाजक कोणता वापरला, हे सरकारला जाब विचारून दाखविणारा विद्यार्थी हवा आहे. असा विद्यार्थी घडविणे हेच सार्वजनिक विद्यापीठाचे काम आहे. त्यासाठी जनतेने आपल्या पैशातून ते उभारले आहे.